कोळंबीला शिट्टी नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मासळीला अधूनमधून जागा मिळते, याचं बडोद्यातल्या मासेखाऊ मराठी घरांना अप्रूप आहे. पण कोळंबीची कृती आली की तीन गोष्टी हमखास छापलेल्या असतात: ‘एक वाटी कोळंबी’, ‘मसाल्यात घालून पंधरा-वीस मिनिटं मऊ शिजू द्या’, आणि अलीकडे ‘घाई असेल तर कुकरला एक शिट्टी’. वाटी केवढी, कोळंबी केवढी, सोललेली की सालासकट, याचा पत्ता नाही. ‘मऊ शिजू द्या’ हे तर साफ उलटं. कोळंबी मुळातच मऊ असते, शिजवून ती चिवट होते.

इथे मटणाची सवय नडते. मटणाच्या तंतूंभोवती चिवट पडदे असतात. ते तास-दीड तास ओल्या आचेवर राहिले की विरघळतात, म्हणून मटण जितकं शिजेल तितकं सुटतं. कोळंबीत विरघळायला असं फारसं काही नाही. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तिचं मांस आवळतं, काचेसारखं होतं ते पांढरं दिसायला लागतं, आणि त्या क्षणी ती झालेली असते. पुढे आच मिळत राहिली की मांस आणखी आवळतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. कढईत सुटलेलं पाणी, निम्म्यावर आलेली कोळंबी आणि दाताखालचं रबर, तिन्हींचं मूळ हेच. कुकरमध्ये शिट्टी व्हायला चार-पाच मिनिटं जातात आणि वाफ जिरायला आणखी आठ-दहा, तीही शंभर अंशांच्या वर. तीन मिनिटांच्या जिवाला तास-दीड तासाच्या मटणाची शिक्षा.

झाली का हे ओळखायला घड्याळापेक्षा आकार बघावा. कच्ची कोळंबी जवळजवळ सरळ असते. होत आली की कोयरीसारखा बाक घेते, तेव्हाच गॅस बंद करायचा. शेपूट वळून दुसऱ्या टोकाला टेकली आणि तिचं कडं झालं, की ती गेली, मग कितीही रस्सा ओता. लाल रंगावर मात्र विसंबू नये. तो रंग कच्च्या कोळंबीतही असतो, फक्त प्रथिनांशी बांधलेला असल्यामुळे दिसत नाही. उष्णतेने ती गाठ सुटते आणि साल-कातडी लगेच लाल होते, आतलं मांस अजून कच्चं असलं तरी. शंका आली तर डोक्याकडच्या जाड भागात सुरीचं टोक घालून बघावं. मधोमध केसभर काचेसारखी रेघ दिसली तर उतरवावी. तापलेल्या कढईतच तेवढी भागते.

आता बाजार. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, कोळंबी नाही, तेव्हा आपल्याकडे येते ती सगळी बाहेरून. बरीचशी भरूच, सुरत, नवसारी, वलसाड या किनारपट्टीवरच्या खाऱ्या तलावांतली. तिची जात व्हॅनामी, मूळ मुलूख अमेरिका खंडांचा पॅसिफिक किनारा. आपल्या देशात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली. त्याआधी तलावांत काळ्या पट्ट्यांची टायगर असायची. समुद्रातली कोळंबी सौराष्ट्राच्या बंदरांवरून येते, पण पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की ती थांबते आणि तलावाचीच उरते. व्हॅनामी गोडसर, सौम्य, पातळ सालीची. समुद्रातल्या कोळंबीचा दर्प तिला नाही, म्हणून तिचं साल आणि डोकं फेकणं जास्तच महागात पडतं. त्याबद्दल पुढे.

दुकानात ‘झिंगा’ मागितला की मिळतो, पण आकाराचं काय? ‘लहान-मोठी’ म्हणून भागत नाही. विचारायचं: ‘किलोमां केटला नंग आवशे?’, म्हणजे किलोत किती नग येतील? हाच या धंद्यातला काउंट. किलोला ३० म्हणजे सालाडोक्यासकट एक नग साधारण ३३ ग्रॅमचा. किलोला ६० म्हणजे सोळा-सतरा ग्रॅमचा. किलोला १०० म्हणजे दहा ग्रॅमचा, करंदीच्या वरचा. डोकं-साल काढल्यावर वजन जवळपास निम्म्यावर येतं, म्हणजे किलोभर आणली तर अर्धा किलो हातात. बंद पाकिटांवरचा ३१/४० किंवा ७१/९० हा आकडा बहुधा किलोचा नसून पौंडाचा असतो, म्हणजे ४५४ ग्रॅममधले नग. ३१/४० ची सोललेली कोळंबी ११ ते १५ ग्रॅमची. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की कृतीतली मिनिटं चुकतात. खूप तापलेल्या कढईत, दोन्ही बाजू धरून, किलोला शंभरवालीला दीड ते दोन मिनिटं, साठवालीला अडीच ते तीन, तीसवालीला चार. आपल्या सदरात ‘एक वाटी’ऐवजी ‘सोललेली २५० ग्रॅम, किलोला साठवाली’ एवढं छापलंत तरी निम्मी भांडणं मिटतील.

ताजी निवडताना आधी डोकं बघा. डोकं घट्ट बसलेलं हवं. लोंबत असेल, मानेशी पिवळट-करडं पाणी असेल, तर कोळंबी बर्फाबाहेर राहिलेली आहे. तिच्या पाचक ग्रंथी डोक्यातच असतात. ती मेली की त्यातले पाचकरस तिचंच मांस पचवायला लागतात आणि मानेकडचा भाग पिठूळ होतो. म्हणून घरी आणल्याबरोबर डोकी काढायची आणि बाकीची बर्फावर ठेवायची. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत स्कूटरला अडकवून आणलेली कोळंबी घरी पोचेपर्यंत अर्धी हरलेली असते. स्टीलच्या डब्यात खाली-वर बर्फ घेऊन जावं. डोक्यावर, सालाच्या सांध्यांत काळे डाग दिसले तर लगेच नाक मुरडू नये. कापलेलं सफरचंद जसं काळवंडतं तसलाच तो प्रकार, कुजणं नव्हे. मात्र वास अमोनियाचा, म्हणजे अस्वच्छ मुतारीची आठवण करून देणारा आला, तर घासाघीस न करता पुढे जावं. हळद लावून तो वास जातो हा गैरसमज आहे. हळद वास झाकते, कोळंबी सुधारत नाही.

गोठवलेल्या पाकिटाला कमी लेखायचं कारण नाही. समुद्रापासून इतक्या आत, नीट गोठवलेली कोळंबी दोन दिवस बर्फात फिरलेल्या ‘ताज्या’पेक्षा बरी. फक्त पाकीट दाबून बघा. नग सुटे खुळखुळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक दगड झाला असेल आणि कोपऱ्यात बर्फाचे स्फटिक साठले असतील, तर ते वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे. प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ लेप असतो. तो कोळंबी सुकू नये म्हणून लागतोच, पण वजन धरायचं ते लेप गेल्यावरचं. काही कंपन्या फॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात, मग मांस पाणी धरून फुगतं. घटकांच्या यादीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट किंवा ४५१ असा क्रमांक दिसला तर समजावं की ही कढईत पाणी सोडणार आणि तिला मीठ कमी लागणार.

वितळवायची रीत: आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून. आयत्या वेळी आठवलं तर पाकीट घट्ट बंद ठेवून गार पाण्याच्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा पाणी बदलून. गरम पाण्यात टाकली तर बाहेरचा थर शिजतो आणि आत बर्फ राहतो. ओट्यावर उघडी ठेवणं उन्हाळ्यात तर नकोच.

साफ करताना सगळ्यांचा भर काळ्या दोऱ्यावर असतो आणि ते रास्त आहे. ते आतडं आहे, त्यात वाळू असते, दाताखाली कचकचते. पण त्यासाठी पाठ शेपटीपर्यंत चिरायची गरज नाही. कोळंबी बाकदार धरून पाठीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या सांध्यात टूथपिक घालायची आणि हळूच वर उचलायची. दोरा अख्खा येतो. ओढायची घाई केली की तुटतो, मग पुढच्या सांध्यातून पुन्हा. पाठ चिरायची ती मसाला आत शिरायला हवा असेल तेव्हाच, तीही दोन-तीन मिलिमीटर. चिरलेली कोळंबी लवकर शिजते, मिनिटभर कमी धरा. पोटाकडून जाणारी बारीक रेषा ही मज्जातंतूची, ती राहिली तरी काही बिघडत नाही. धुवायचं ते नळाखाली भराभर, एकदाच. पाण्यात भिजत घातलेली कोळंबी गोडी गमावते आणि वर पाणी पिते.

पुढची पायरी जवळपास कुठल्याच छापील कृतीत नसते आणि सगळा फरक तिथेच पडतो. धुतलेली कोळंबी कोरडी करायची. चाळणीत दहा मिनिटं, मग जुन्या स्वच्छ सुती पंचावर पसरून वरून टिपून घ्यायची. ओली कोळंबी तापल्या तेलात पडली की आधी ते पाणी उकळतं. पाणी आहे तोवर कढईचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खरपूसपणा यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे परतायला घेतलेली कोळंबी प्रत्यक्षात उकडली जाते. कढईत गर्दी केली तरी हेच होतं. दहा इंची पसरट कढईत २०० ग्रॅम, फार तर २५०. अर्धा किलो असेल तर दोन घाण्यांत. एका घाण्यात सगळी कोंबून वाचवलेली तीन मिनिटं पुढे पाणी आटवण्यात दहा मिनिटं खातात, आणि ती दहा मिनिटं कोळंबी शिजतच राहते.

तलावाच्या कोळंबीसाठी एक उपाय कामाचा आहे. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पाऊण चहाचा चमचा मीठ आणि पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सोड्याने मांसाचा आम्लपणा कमी होतो, ते पाणी धरून ठेवतं, चावताना करकरीत लागतं आणि रंगही लवकर येतो. न धुता नुसती टिपून वापरा आणि पुढच्या मसाल्यात मीठ हात राखून घाला. सोडा पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा घातलात तर साबण खाल्ल्यासारखी चव येईल, तेव्हा इथे अंदाजपंचे नको. फॉस्फेटच्या पाकिटाला हा उपचार करू नये, तिची ही पायरी कारखान्यातच झालेली असते. लिंबू किंवा चिंच लावून तासभर मुरवणं मात्र टाळावं. आंबटाने बाहेरचा थर आगीशिवायच पांढरा आणि खडूसारखा होतो. दहा मिनिटांच्या वर नको. आलं घातलेलं वाटणही रात्रभर लावू नये. कच्च्या आल्यात मांस सैल करणारा पाचक घटक असतो, मटणाला तो उपयोगी पडतो, कोळंबीचं पीठ करतो.

आता पदार्थ. झटपट म्हणून घराघरात मुरलेला खरा प्रकार म्हणजे कायस्थ घरांतलं खडखडलं. सोललेली कोळंबी ३०० ग्रॅम, बारा-पंधरा लसूण पाकळ्या सालासकट ठेचून, हळद अर्धा चहाचा चमचा, तिखट दोन चमचे, हिंग दोन चिमट्या, चिंचेचा दाट कोळ एक पोहे खायचा चमचा, तेल तीन तसेच चमचे, मीठ. परंपरेने सगळं एकत्र कालवून चुलीवर ठेवतात आणि चमचा न घालता भांडंच हलवतात, त्या आवाजावरून नाव. यात एक अडचण आहे. चिंचेचं पाणी आटेपर्यंत कोळंबी फार पुढे जाते. म्हणून क्रम थोडा बदलावा. पसरट पातेल्यात तेल तापलं की हिंग, मग लसूण. लसणीच्या कडा तांबूस झाल्या की आच कमी करून हळद-तिखट, लगेच चिंचेचा कोळ. मिनिटभरात कोळ तेल सोडतो. मग आच मोठी करून मीठ लावलेली कोळंबी घाला, झाकण ठेवा, दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून पातेलं खडखडवा. दीड मिनिटाने पुन्हा. तीन मिनिटांत उतरवा. वर कोथिंबीर, सोबत मऊ भात किंवा भाकरी. तिखट जळलं तर सगळा पदार्थ कडू होतो, म्हणून ते कमी आचेवर आणि पाठोपाठ चिंच. हात भरभर चालत नसेल तर तिखट कोळातच कालवून ठेवावं. आमसूल घालणारे चिंचेला नाकं मुरडतात, पण आमसुलाला रस उतरायला वेळ लागतो आणि इथे वेळच नाही.

भुजणंही याच भावकीतलं. कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि कच्चं तेल हाताने चुरून, त्यात बटाट्याच्या चकत्या. चकत्यांना झाकणाखाली दहा-बारा मिनिटं लागतात. कोळंबी त्यानंतर.

लसूण-मिरी कोळंबी हॉटेलात छान आणि घरी काळी-कडू होते, कारण लसूण आणि लोणी आधी पडतं. लोण्यातला दुधाचा अंश आणि बारीक चिरलेली लसूण, दोन्ही मोठ्या आचेवर करपतात, आणि कोळंबीला तर मोठीच आच हवी. तेव्हा २५० ग्रॅम कोळंबी एक मोठा चमचा तेलात, तेलातून धूर निघायच्या बेतात असताना, एका थरात मांडावी. मिनिटभर हात लावू नये. उलटावी, आणखी मिनिट, आणि ताटलीत काढून घ्यावी. आच मंद करून त्याच कढईत २० ग्रॅम लोणी, आठ पाकळ्यांचे काप, चाळीस सेकंद. जाडसर कुटलेली मिरी अर्धा चमचा. कोळंबी परत घालून दोनदा हलवली, गॅस बंद, मग लिंबू. लिंबू गॅसवर असताना पिळलं तर त्याचा सुवास उडतो, आंबटपणा तेवढा राहतो.

रव्यातली तळलेली कोळंबी सगळ्यांना येते. एवढंच, की तीन भाग बारीक रव्यात एक भाग तांदळाचं पीठ घातलं की कवच सुटत नाही, आणि रवा लावून पाच मिनिटं ठेवायची म्हणजे तो चिकटतो, पंधरा मिनिटं नव्हे, नाहीतर ओला होतो.

मसाल्याच्या कोळंबीत वेळ जातो तो कांद्याला. दोन मध्यम कांदे, म्हणजे २०० ग्रॅम, बारीक चिरून तांबूस व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. ‘पाच मिनिटं परता’ हे लिहिणाऱ्याने कांदा कधी परतला नसावा. घाईच्या दिवशी हे काम आधीच झालेलं असावं. रविवारी अर्धा किलो कांदा परतून, टोमॅटो आणि आलं-लसूण घालून, तेल सुटेपर्यंत शिजवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं, तर चार-पाच खडे काढून कढईत टाकायचे आणि तीन मिनिटांनी कोळंबी. हिरवं वाटण फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं. लसूण तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे ठेवणं धोक्याचं. त्यापुढे फ्रीजरच.

आता सालं आणि डोकी. कोळंबीची निम्मी चव कचऱ्यात जाते ती इथे. अर्धा किलो कोळंबीच्या सालाडोक्यांना एक मोठा चमचा तेल पुरतं. आधी तेलात चार-पाच मिनिटं परतायची, केशरी-लाल होऊन खमंग वास सुटेपर्यंत. थेट पाण्यात उकळू नयेत, कारण तो रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. मग ६०० मिली पाणी, पंधरा मिनिटं मंद उकळी. मधून पळीच्या पाठीने डोकी चेपायची, म्हणजे आतला तांबडा गर पाण्यात येतो. गाळून साधारण ४०० मिली केशरी पाणी मिळतं. वीस मिनिटांच्या पुढे उकळण्यात हशील नाही, चव चुनखडीसारखी होत जाते. पाकिटातल्या सोललेल्या कोळंबीला हे सुख नाही, म्हणून सालासकट आणाल तेव्हा जास्तीचा अर्क काढून गोठवून ठेवावा. चोथ्याचंही आधीच बघावं. वर-खाली शाकाहारी शेजार असलेल्या सोसायटीत रात्रभर डब्यात राहिलेली सालं सकाळी सगळ्या मजल्यांना ओळख देतात. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की थेट तिच्यात.

हा अर्क हाताशी असला की कोळंबीभात खरोखर सोपा. आपल्याकडे मिळणारा जीरासर किंवा कृष्णकमोद यासाठी बासमतीपेक्षा बरा, तो मसाला धरतो. २०० ग्रॅम तांदूळ वीस मिनिटं भिजवून निथळावा. तेलात तमालपत्र, तीन-चार लवंगा, एक कांदा, मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण दोन चमचे, हळद, गोडा मसाला दीड चमचा. तांदूळ दोन मिनिटं परतून गरम केलेला अर्क ३८० मिली घालावा, नव्या तांदळाला ३५०. दहा मिनिटांत पाणी दिसेनासं होतं आणि भातावर भोकं पडतात. त्या वेळी मीठ-हळद-तिखट लावलेली २५० ग्रॅम कोळंबी वर पसरून अर्धी भातात दाबावी, फडकं बांधलेलं झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं, गॅस बंद करून आठ मिनिटं न उघडता. सुरुवातीपासून तांदळाबरोबर घातलेली कोळंबी भातातून वेचावी लागते, खडे वेचतात तशी.

उन्हाळ्यात कैरी घालून कालवण करावं. अर्धी वाटी ओलं खोबरं, पाच-सहा सुक्या मिरच्या, एक चमचा धणे, सहा पाकळ्या लसूण, पाव चमचा हळद, हे गंधासारखं वाटून ४०० मिली अर्कात. एका मध्यम कैरीच्या फोडी घालून आठ-दहा मिनिटं मंद उकळी, फोडी बोटाने दबेपर्यंत. खळखळून उकळू नये, खोबऱ्याचा रस फुटतो. मीठ जुळवून घ्यावं, मग ३०० ग्रॅम कोळंबी, दोन मिनिटं, गॅस बंद, झाकण.

सोड्यांविषयी दोनच शब्द. वाळवलेली सोललेली कोळंबी हा ताज्या कोळंबीला पर्याय नाही, वेगळाच जिन्नस आहे. कोरडी दोन मिनिटं भाजून, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून वांग्यात किंवा खिचडीत घालावी. भिजवलेलं पाणी गाळून घ्यावं, तळाशी रेती असते. ती खारी असते, मीठ शेवटी.

पाहुण्यांना वाढण्याआधी कोळंबी चालते का हे विचारून घ्यावं, जेवणात आहे हे सांगावं. काहींना तिची ॲलर्जी असते आणि कितीही शिजवली तरी ती टळत नाही.

उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करताना वरची सगळी मेहनत वाया जाते, तेवढं सांगून थांबतो. कालवण तसंच्या तसं उकळू नये. कोळंबी झाऱ्याने काढून ताटलीत ठेवावी, रस्सा एकटा चांगला खळखळून उकळावा, खोबऱ्याचा असेल तर ढवळत ढवळत. मग आच मंद करून कोळंबी आत सोडावी, मिनिटभराने आतपर्यंत कढत झाली की उतरवावी. कोळंबीभाताला दोन चमचे पाण्याचा हबका मारून झाकणाखाली वाफ आणावी. हे एकदाच. दुसऱ्यांदा गरम करायची पाळी येईल इतकं उरवू नये.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा